मणी ओला की कोरडा? ॲक्रिलिक नखांमागचं रसायन

ॲक्रिलिक नखं, म्हणजे द्रव आणि पावडर मिसळून खऱ्या नखावर चढवलेला कडक थर, लावायला नुकतंच शिकू लागलेल्या माणसाचं सगळं लक्ष आकाराकडे असतं. टोक चौकोनी झालं का, दोन्ही कडा सारख्या आल्या का. पण आकार नंतर फाइलने सुधारता येतो. जे सुधारता येत नाही ते त्याआधीच ठरून गेलेलं असतं: द्रवात बुडवलेला ब्रश पावडरीला टेकवला, त्या दोन-तीन सेकंदांत.

या द्रवात मुख्यतः एथिल मेथाक्रिलेट असतं. हे मोनोमर, म्हणजे सुटे छोटे रेणू. पावडरीत त्याच कुळातल्या रेणूंच्या आधीच जोडलेल्या लांब साखळ्या असतात आणि सोबत थोडं बेन्झॉइल पेरॉक्साइड. मुरुमांच्या मलमात असतं तेच. द्रवातलं अमाइन (अभिक्रिया सुरू करून देणारं संयुग) या पेरॉक्साइडला भेटलं की त्याचे तुकडे होतात. असा प्रत्येक तुकडा म्हणजे एक फ्री रॅडिकल, जोडीदार शोधणारा अतिशय क्रियाशील तुकडा. तो एका मोनोमरला पकडतो, तो मोनोमर पुढच्याला पकडतो आणि साखळी वाढत जाते. जेल नखांसारखा दिवा लागत नाही. पंख्याचाही उपयोग नाही, कारण इथे काही वाळत नसून रेणू जोडले जात असतात.

द्रवात भिजलेला ब्रश पावडरीला टेकवला की टोकावर जो छोटा गोळा जमतो तो मणी. मणी म्हणजे या दोन घटकांचं प्रमाण. मणी फार ओला असेल तर पेरॉक्साइड कमी पडतं, कारण ते पावडरीसोबतच येतं. मग बरेच मोनोमर सुटेच राहतात. शिवाय सुटे रेणू जोडले जाताना एकमेकांच्या जवळ ओढले जातात आणि आकारमान घटतं. पावडर मात्र आधीच जोडलेली असल्यामुळे आकसत नाही. म्हणून द्रव जितकं जास्त, तितकं आकसणं जास्त आणि कडेने नख सुटण्याची शक्यताही जास्त. उलट मणी कोरडा असेल तर पावडरीचे सगळे कण भिजत नाहीत, मध्ये हवेचे बुडबुडे अडकतात आणि थर ठिसूळ होतो. जमलेला मणी गुळगुळीत, चकचकीत दिसतो, ब्रशवरून ओघळत नाही आणि नखावर ठेवला की सावकाश पसरतो. माझ्या मते शिकाऊ माणसाने आधी प्लॅस्टिकच्या टिपवर (नकली नखावर) नुसते मणी ठेवत बसावं. कंटाळवाणं आहे, पण हात तिथेच तयार होतो.

या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते. थर जाड असला किंवा खालचं नख जास्त घासून पातळ झालेलं असलं, तर ती जाणवते. खोली थंड असेल तर सगळंच मंदावतं आणि पृष्ठभागावर कधी कधी बर्फासारखे पांढुरके स्फटिक दिसतात.

नख केराटिन या प्रथिनाचं असतं आणि त्यावर तेल व ओलावा असतो. ॲक्रिलिकला दोन्ही चालत नाहीत. म्हणून आधी तेल-ओलावा काढणारं डिहायड्रेटर, मग थर नखाला धरून राहावा यासाठी प्रायमर. घासायचं ते फक्त चकाकी जाण्यापुरतं. नखाला चिकटलेली पातळ मृत त्वचा राहून गेली तर ॲक्रिलिक नखाला न चिकटता तिला चिकटतं आणि तिच्यासकट सुटतं. सुटलेल्या फटीत ओल साचते, तिथे स्यूडोमोनास हा जिवाणू वाढतो आणि नखावर हिरवट डाग पडतो. लोक त्याला बुरशी समजतात.

हे तंत्र आलं दंतवैद्यकातून. कवळ्याही याच कुळातल्या पदार्थाच्या होतात. 1949 मध्ये हॅरोल्ड रिडली यांनी माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, तेही पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटचं. डोळ्याला चालणारा पदार्थ बोटांना त्रास का देतो? कारण जोडलेली साखळी निरुपद्रवी असते, त्रास सुट्या मोनोमरचा. तो त्वचेत शिरून ॲलर्जी जागी करू शकतो. ही ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते आणि पुढे दातांच्या उपचारांतही आड येऊ शकते. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 साठी 'वर्षातला ॲलर्जन' (ॲलर्जी आणणारा पदार्थ) म्हणून ॲक्रिलेट निवडलं होतं. त्यामुळे ओला मणी क्युटिकलवर, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेवर, ओघळू देणं ही नुसती सफाईची चूक नाही. पातळ हातमोज्यांतूनही मोनोमर काही मिनिटांत पार होतो. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. त्यासाठी हवा बाहेर ओढणारी सोयच लागते.

स्वस्त द्रवात कधी कधी मिथाइल मेथाक्रिलेट सापडतं. त्यापासून बनलेला थर इतका ताठ असतो की धक्का लागला तर तो तुटत नाही, खालचं खरं नखच फाटतं. अमेरिकेत 1974 मध्ये निव्वळ मिथाइल मेथाक्रिलेट असलेल्या नखांच्या द्रवाविरुद्ध न्यायालयाचा मनाई हुकूम निघाला. उग्र, वेगळा वास आणि ॲसिटोनमध्ये न विरघळणारा थर ही त्याची लक्षणं.

ब्रशच्या दांड्याने टकटक केल्यावर टणक आवाज आला की फाइल करता येतं. मात्र आत साखळ्या जोडल्या जाणं पुढे बराच वेळ चालू राहतं, त्यामुळे ताज्या थराच्या धुळीतही सुटे मोनोमर असतात. काढताना ॲसिटोन या साखळ्यांमध्ये शिरतं, त्यांना फुगवतं, मऊ करतं. त्याला वेळ लागतो. तेवढा न देता थर उपटला, तर खऱ्या नखाचे पापुद्रेही सोबत निघतात.