प्रश्न दुकानाच्या फळीचा : ‘टूथ अँड नेल’ची पार्श्वभूमी

ख्रिस्ती बँडांचं पंक, म्हणजे दणदणाटी बंडखोर रॉक, काढणाऱ्या ‘टूथ अँड नेल’ या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा विषय निघाला की पंक आणि येशू एकत्र नांदले कसे, असं लोक आधी विचारतात. मला त्याहून कळीचा वाटतो तो साधा धंद्याचा प्रश्न : ही सीडी विकायची कुठे?

कारण अमेरिकेतला ख्रिस्ती संगीताचा बाजार प्रामुख्याने वाढला तो बायबल, भक्तिपर पुस्तकं आणि संडे स्कूलचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत. १९५१ साली टेक्सासमधल्या वेको इथे जॅरेल मॅक्रॅकन यांनी ‘वर्ड’ कंपनी काढली. तिच्या पहिल्या तबकडीवर गाणं नव्हतंच. सत् आणि असत् यांच्यातल्या काल्पनिक फुटबॉल सामन्याचं धावतं वर्णन होतं! पुढे हीच वर्ड या बाजारातली सगळ्यात मोठी नावं असलेल्या कंपन्यांत गणली गेली.

खांद्यावर रुळणाऱ्या केसांच्या लॅरी नॉर्मन या ख्रिस्ती रॉक गायकाला या दुकानांत सहजासहजी थारा मिळणार नव्हता. त्याचा ‘अपॉन धिस रॉक’ हा अल्बम १९६९ मध्ये ‘कॅपिटल’ या बड्या कंपनीकडून आला. १९७५ मध्ये त्याने स्वतःची ‘सॉलिड रॉक’ ही कंपनी काढली. रँडी स्टोनहिल, मार्क हर्ड असे कलावंत जमवले, रेकॉर्ड मनासारख्या केल्या; पण दुकानापर्यंत माल पोचवायचा तर वर्डचाच हात धरावा लागला. स्वातंत्र्य स्टुडिओच्या दारापर्यंतच. ऐंशीचं दशक उजाडलं तोवर कलावंतांशी बिनसून तो संसार मोडलाही होता.

१९९२ मध्ये चित्र आणखी बदललं. ‘स्पॅरो’ ही मोठी ख्रिस्ती कंपनी ‘ईएमआय’ या बड्या रेकॉर्ड कंपनीने घेतली आणि वर्ड ‘थॉमस नेल्सन’ या प्रकाशनसंस्थेकडे गेली. धाकटे थोरल्यांच्या पोटात जात असताना, १९९३ मध्ये, ब्रँडन एबेल या तरुणाने कॅलिफोर्नियात ‘टूथ अँड नेल’ सुरू केली. त्याआधी तो ‘फ्रंटलाइन’ या ख्रिस्ती रॉक कंपनीत होता, म्हणजे बाजाराची खोच त्याला आतून माहीत होती. (नावातले दात आणि नखं जिवाच्या आकांताने लढण्याची. पंकवाल्यांना शोभतंच.) ‘विश फॉर ईडन’ या बँडचा अल्बम पहिला. थोड्याच काळात बिऱ्हाड सिएटलला हललं.

तिथून जवळच्या ब्रेमर्टनमधली शाळकरी पोरं म्हणजे ‘एमएक्सपीएक्स’ हा बँड. मूळ नाव ‘मॅग्निफाइड प्लेड’. त्याची आद्याक्षरं लिहिताना टिंबांच्या जागी फुल्या पडल्या आणि त्याच चिकटल्या. १९९४ मध्ये ‘टूथ अँड नेल’कडून त्यांचा पहिला अल्बम आला. १९९८ च्या अल्बमला ‘ए अँड एम’ या बड्या कंपनीची साथ होती आणि तो पाच लाख प्रतींचा गोल्ड टप्पा ओलांडून गेला. पुस्तकांच्या दुकानात कधी पाय न ठेवणाऱ्या पोरांपर्यंत तो पोचला होता.

एबेलची खरी हुशारी मला १९९७ मध्ये दिसते. त्याने दोन उपकंपन्या काढल्या : हार्डकोअर-मेटल या किंचाळत्या, कर्कश रॉकसाठी ‘सॉलिड स्टेट’, आणि चर्चमधल्या श्रोत्यांना रुचेल अशा गाण्यांसाठी ‘बीईसी’. जेरेमी कँपसारखा गायक बीईसीचा. एकाच घरातून दोन वेगळ्या फळ्यांवर माल जाऊ लागला. सॉलिड स्टेटवरच्या फ्लोरिडाच्या ‘अंडरओथ’ या बँडचा ‘डिफाइन द ग्रेट लाइन’ २००६ मध्ये आला तो थेट ‘बिलबोर्ड’ मासिकाच्या खपत्या अल्बमांच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकावर. एवढं किंचाळणं त्या यादीच्या टोकाला फारसं ऐकू येत नसे.

मात्र तोवर ईएमआयही भागीदार झाली होती, त्यामुळे ‘स्वतंत्र’ हे विशेषण त्या वर्षांपुरतं जपूनच वापरावं. २०१२ मध्ये ईएमआयचा रेकॉर्ड व्यवसाय ‘युनिव्हर्सल’कडे गेला आणि २०१३ मध्ये ‘टूथ अँड नेल’ पुन्हा एबेलच्या एकट्याच्या हाती आली.

फळीची भानगड मात्र वेगळ्याच वाटेने मिटली. ‘फॅमिली ख्रिश्चन स्टोअर्स’ या ख्रिस्ती दुकानांच्या साखळीने २०१७ मध्ये आपली सुमारे २४० दुकानं बंद केली. २०१९ मध्ये ‘लाइफवे’नेही आपल्या १७० दुकानांना टाळं लावायचं ठरवलं.