चार्ज पंप

चार्ज पंप म्हणजे प्रवर्तक (इंडक्टर), अर्थात कॉइल, न वापरता, केवळ धारित्रे (कपॅसिटर) आणि स्विच यांच्या आधारे एकदिश (डीसी) विद्युत् दाब (व्होल्टेज) वाढवणारे, घटवणारे किंवा त्याची ध्रुवता उलटवणारे मंडल. एक-दोन सेलवर चालणाऱ्या हातात मावणाऱ्या उपकरणांत याचा विशेष वापर होतो. कॉइल जाडीला अधिक भरते, तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र पसरते आणि सिलिकॉनच्या चकतीवर ती बनवणे कठीण असते. धारित्राला यांतील एकही अडचण फारशी नाही.

सर्वांत साधे उदाहरण दुप्पट करणाऱ्या मंडलाचे. पहिल्या टप्प्यात एक धारित्र सेलला समांतर जोडून त्याच्या दाबापर्यंत भारित करतात. दुसऱ्या टप्प्यात तेच धारित्र सेलच्या धन टोकावर एकसरीत चढवतात आणि निर्गमावर (आउटपुटला) दोन्हींच्या दाबांची बेरीज मिळते. या जागा बदलणाऱ्या धारित्राला ‘उडते धारित्र’ म्हणतात. निर्गमावरचे दुसरे, स्थिर धारित्र मधल्या काळात जोडलेल्या उपकरणाला वीज पुरवते. उडत्या धारित्राचे धन टोक मंडलाच्या जमिनीला (शून्य दाबाच्या सामायिक टोकाला) जोडले की ऋण दाब मिळतो. दोन उडती धारित्रे एकसरीत भारित करून समांतर लावली तर दीडपट दाब मिळतो. दोन टप्प्यांच्या मांडणीत 1, 2, 3, 4 उडत्या धारित्रांपासून मिळू शकणारी कमाल गुणोत्तरे अनुक्रमे 2, 3, 5, 8 अशी फिबोनाची श्रेणीने वाढतात, हे माकोव्स्की आणि माक्सिमोविच यांनी 1995 मध्ये दाखवले.

उगम : या मंडलाचे जनकत्व कोणाकडे द्यावे याबाबत एकमत नाही. स्विस भौतिकीविज्ञ हाइनरिख ग्राइनाखर यांनी 1913 च्या सुमारास (प्रसिद्धी 1914) दाब दुप्पट करणारे मंडल तयार केले. त्यांच्या आयनमापकाला 200 ते 300 व्होल्ट एकदिश दाब हवा होता आणि झुरिकमधील वीजपुरवठा 110 व्होल्ट प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाचा होता. ही कल्पना त्यांनी पुढे, बहुधा 1920 मध्ये, अनेक पायऱ्यांच्या शिडीपर्यंत नेली. त्याआधी 1919 मध्ये जर्मनीत शेंकेल यांनी अशाच प्रकारची बहुपायरी मांडणी सुचवल्याचे दाखले दिले जातात. तरीही शिडीला नाव मिळाले ते जॉन कॉक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांचे. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत अशा शिडीतून काही लाख व्होल्ट मिळवून त्यांनी 1932 मध्ये वेगवान प्रोटॉनांनी लिथियमचे अणुकेंद्र फोडले आणि 1951 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगाची कीर्ती मंडलाच्या नावाला चिकटली, असे म्हणणे वावगे ठरू नये.

ही मंडले प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारी आणि मुख्यतः एकदिशकारक नळ्यांची होती. सेलच्या एकदिश दाबावर चालणारा संकलित मंडलातील पंप हे वेगळे प्रकरण असून त्याचे श्रेय बहुतेक लेखक जॉन डिक्सन यांना देतात. त्यांचा लेख 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. एमएनओएस या प्रकारच्या स्मृती (मेमरी) चकत्यांना माहिती लिहिण्यासाठी सुमारे 40 व्होल्ट लागत, मात्र बाहेरून अधिक 5 आणि उणे 12 व्होल्ट एवढेच उपलब्ध असत. कॉक्रॉफ्ट-वॉल्टन शिडी चकतीवर नीट चालत नाही. चकतीवरची धारित्रे लहान असतात आणि प्रत्येकाच्या पट्टिकेपासून सिलिकॉनच्या पायापर्यंत अनाहूत धारकता (नको असलेली कपॅसिटन्स) असते. शिडीत धारित्रे एकसरीत असल्याने बराच विद्युत् भार या अनाहूत धारकतेत वाया जातो. शिवाय शिडीतील दाबाची घट पायऱ्यांच्या संख्येच्या साधारण घनाप्रमाणे वाढते. डिक्सन यांनी डायोडांची (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या घटकांची) साखळी तशीच ठेवून प्रत्येक जोडबिंदूवरचे धारित्र थेट दोन विरुद्ध कलांच्या घड्याळ-स्पंदांशी (एक वर असताना दुसरा खाली असणाऱ्या क्लॉक सिग्नलांशी) जोडले. धारित्रे अशी समांतर चालवल्यामुळे घट पायऱ्यांच्या सम प्रमाणात राहते. प्रत्येक डायोडमागे काही दाब मात्र गमवावा लागतो. ए. एच. फॉकनर यांनी 1973 मध्ये कॉक्रॉफ्ट-वॉल्टन गुणकांचे सामान्यीकरण मांडले होते, म्हणून काही संशोधक कल्पनेचा उगम तेथे मानतात.

डायोडऐवजी नियंत्रित स्विच वापरणारे आजचे पंप मात्र या वंशावळीत सरळ बसत नाहीत. धारित्रे समांतर भरून एकसरीत रिकामी करणे हे त्यांचे तत्त्व एर्विन मार्क्स यांच्या 1924 च्या आवेग-जनित्राला अधिक जवळचे आहे, जरी त्यातला दाब क्षणभरच टिकत असे. एकच मूळ शोधण्यापेक्षा दोन स्वतंत्र धारा मानणे प्रस्तुत नोंदकाराला अधिक सयुक्तिक वाटते.

रोध आणि कार्यक्षमता : धारित्र रिकामे असताना थेट सेलवरून पूर्ण भरले तर सेलने दिलेल्या ऊर्जेपैकी निम्मी उष्णतेत जाते. मधला रोध कितीही कमी केला तरी हा हिशेब बदलत नाही. यावरून चार्ज पंपाची कार्यक्षमता 50 टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, असा समज अधूनमधून आढळतो. तो चुकीचा आहे. स्थिर अवस्थेत उडते धारित्र कधीच रिकामे होत नाही. त्याचा दाब थोडासा वरखाली होतो आणि नुकसान या चढउताराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. चढउतार लहान ठेवला की नुकसानही नगण्य होते.

बाहेरून पाहता पंप हा आदर्श गुणोत्तर अधिक एक रोध असा वागतो. स्विच पुरेसे चांगले असतील आणि स्विचांची कंप्रता (फ्रीक्वेन्सी) कमी असेल, तर हा रोध कंप्रता व धारकता यांच्या गुणाकाराच्या व्यस्ताइतका असतो. 1 मायक्रोफॅरडचे धारित्र 1 मेगाहर्ट्झला चालवले तर तो 1 ओहम येतो. इंटरसिलच्या आयसीएल7660 या आठ पायांच्या, ऋण दाब देणाऱ्या आयसीमध्ये (संकलित मंडलात) आंदोलक (ऑसिलेटर) 10 किलोहर्ट्झचा आहे, पण पंपाला त्याची निम्मी कंप्रता मिळते. त्यामुळे 10 मायक्रोफॅरडला 20 ओहम येतात. प्रत्यक्ष निर्गम रोध 55 ओहमच्या आसपास असून उरलेला मुख्यतः स्विचांचा आहे. कंप्रता फार वाढवली की धारित्राचा वाटा संपतो, स्विचांचा राहतो आणि ते उघडझाप करण्यातच ऊर्जा खर्च होऊ लागते. या दोन टोकांच्या मर्यादांची सुसूत्र मांडणी सीमन आणि सँडर्स यांनी 2008 मध्ये केली.

कार्यक्षमतेची खरी मर्यादा गुणोत्तरात आहे. दुप्पट करणारा पंप निर्गम प्रवाहाच्या बरोबर दुप्पट प्रवाह सेलकडून घेतो. निर्गम दाब दुपटीपेक्षा जेवढा कमी ठेवाल तेवढी ऊर्जा आतच जळते. दोन सेलांच्या 3 व्होल्टपासून 3.3 व्होल्ट घेतले तर कमाल कार्यक्षमता 55 टक्के. तेच सेल उतरून 1.8 व्होल्टवर आले की ती जवळपास 92 टक्के होते. ताज्या सेलवर वाईट आणि संपत आलेल्या सेलवर उत्तम, हा उलटा प्रकार कॉइलच्या परिवर्तकात दिसत नाही. तोडगा म्हणून पंप सेलच्या दाबानुसार एकपट, दीडपट, दुप्पट अशी गुणोत्तरे आपोआप बदलतात. वरील उदाहरणात 3 व्होल्टला दीडपट घेतले की कमाल कार्यक्षमता 73 टक्क्यांवर जाते.

उपयोग : ऋण दाब, स्मृती आयसींचे लेखन आणि संगणकाच्या क्रमिक (सीरियल) जोडणीसाठी लागणारे धन व ऋण दाब ही जुनी क्षेत्रे. 1987 च्या मॅक्स232 आयसीने एका 5 व्होल्टवरून दोन्ही दाब तयार केल्यामुळे वेगळ्या 12 व्होल्ट पुरवठ्यांची गरज गेली. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 ते 3.6 व्होल्ट लागतात आणि लिथियम-आयन सेल 4.2 वरून 3 कडे उतरतो. म्हणून रंगीत पडद्यांच्या मोबाइल फोनांमध्ये पडदा उजळण्यासाठी गुणोत्तर बदलणारे पंप रुळले.

धारित्रे निवडताना सिरॅमिक प्रकाराची छापील धारकता जशीच्या तशी धरता येत नाही. एकदिश दाब चढला की ती घटते, आणि आकार लहान असेल तर पुष्कळ घटते. सिरॅमिक धारित्रांच्या एक्स5आर व एक्स7आर या वर्गांची शिफारस केली जाते. वाय5व्ही वर्ग टाळतात.

अलीकडे दिशा उलटली आहे. जलद चार्जिंगच्या फोनांत अडॅप्टरकडून बॅटरीच्या साधारण दुप्पट दाब घेऊन तो पंपाने निम्मा करतात. केबलमधला प्रवाह निम्मा झाल्याने तिच्यातील उष्णता एक-चतुर्थांश राहते. पंपाचे गुणोत्तर पक्के असल्याने बॅटरीचा बदलता दाब सांभाळण्याचे काम अडॅप्टरवर येते. त्यासाठी यूएसबी पॉवर डिलिव्हरी या चार्जिंग मानकाच्या पीपीएस (प्रोग्रामेबल पॉवर सप्लाय) सोयीत दाब 20 मिलिव्होल्टच्या टप्प्यांनी बदलता येतो.