डेस्कटॉप कोसळला की एक्स सर्व्हर?

जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिच्यावर एक्सएफसीई हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांना हा प्रसंग ओळखीचा आहे. काम ऐन रंगात असताना स्क्रीन काळी होते आणि पुढच्या क्षणी समोर लॉगिनची चौकट. आपण म्हणतो, "डेस्कटॉप क्रॅश झाला." मग एक्सएफसीई काढून दुसरा डेस्कटॉप टाकतो आणि चार दिवसांनी तोही पडतो.

युनिक्सच्या अशा डेस्कटॉपवर स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस एक्स सर्व्हर नावाच्या प्रोग्रामच्या ताब्यात असतात. १९८४ साली एमआयटीत सुरू झालेल्या या व्यवस्थेने खिडक्या कुठे मांडायच्या, त्यांना कसली चौकट द्यायची हे काम मुद्दामच स्वतःकडे ठेवले नाही. ते विंडो मॅनेजर करतो आणि सर्व्हरच्या लेखी तो फायरफॉक्ससारखाच एक प्रोग्राम. लग्नाच्या मांडवासारखेच आहे हे: व्यवस्था बघणारा काका रुसून निघून गेला तर पाहुणे बसलेलेच राहतात, फक्त पानावर कोणाला बसवायचे ते ठरत नाही. मांडवच पडला तर सगळेच रस्त्यावर.

म्हणून लक्षणे वेगळी दिसतात. विंडो मॅनेजर मेला की खिडक्यांच्या वरच्या पट्ट्या गायब होतात, खिडकी हलत नाही, ऑल्ट-टॅब चालत नाही. पण अर्धवट लिहिलेले पत्र तसेच समोर असते. बहुतेकदा एक्सएफसीईचे सेशन, म्हणजे लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचा कारभार, त्याला स्वतःच पुन्हा उठवते आणि तुम्हाला फक्त एक लुकलुक दिसते. नाहीच उठला तर कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून कन्सोलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर जायचे, कोणत्या स्क्रीनवर दिसायचे ते (डिस्प्ले शून्य) सांगून विंडो मॅनेजर पुन्हा चालू करायचा आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ९ने परत यायचे. सर्व्हर मेला तर मात्र त्यावरचे सगळे प्रोग्राम एकदम जातात, न साठवलेल्या कामासकट.

घोळ होतो तो तिसऱ्या प्रकारामुळे. सेशन सांभाळणारा डेस्कटॉपचा सेशन मॅनेजर मेला की सेशन संपले असे समजून लॉगिन मॅनेजर, म्हणजे लॉगिनची चौकट दाखवणारा प्रोग्राम, सर्व्हरही बंद करतो. स्क्रीनवर दिसते ते हुबेहूब सर्व्हर पडल्यासारखे. डोळ्यांनी फरक कळणे शक्य नाही, तो लॉगमध्येच, म्हणजे प्रोग्राम आपल्या घडामोडी लिहून ठेवतात त्या फाइलमध्येच सापडतो.

तिथेही एक सापळा आहे. होम फोल्डरमधली एक्ससेशन-एरर्स ही लपलेली फाइल उघडली की दहा प्रोग्राम "फेटल आयओ एरर" म्हणून ओरडताना दिसतात आणि आपण त्यातल्या पहिल्याला धरतो. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्या प्रोग्रामांचा सर्व्हरशी असलेला दुवा तुटला, एवढेच ते सांगत असतात. बघायची ती सर्व्हरची स्वतःची लॉग फाइल, तीही शेवटी 'ओल्ड' लागलेली, कारण नवी फाइल आत्ता चालू असलेल्या सर्व्हरची असते. चिडून दोन-तीनदा लॉगिन-लॉगआउट केले तर जुनी पुसली जाते. म्हणून आधी तिची नक्कल काढून ठेवा.

मग फक्त शेवटच्या ओळी वाचायच्या. "सर्व्हर टर्मिनेटेड सक्सेसफुली" असेल तर सर्व्हर निर्दोष आहे, त्याला कोणीतरी रीतसर बंद केले. शोध सेशनकडे वळवा. बिघडलेले साठवलेले सेशन हा नेहमीचा संशयित, होममधल्या कॅशेतला सेशन्सचा फोल्डर बाजूला ठेवून बघा. "कॉट सिग्नल ११" (मेमरीत नको तिथे हात घातल्याची खूण) असेल तर सर्व्हर खरोखर पडला आणि पहिली शंका ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावी. लॉग मध्येच, काहीच न बोलता तुटलेला असेल तर डीमेसेज ही आज्ञा देऊन कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, नोंदी बघा. दोन जीबी रॅम, त्यात ब्राउझरचे वीस टॅब, स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) अपुरी, अशा वेळी कर्नल मोठी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, निवडून मारतो आणि "वॉज किल्ड" अशी नोंद करतो. मारलेल्याला शेवटचा शब्द लिहायलाही वेळ मिळत नाही.

आता डेस्कटॉप बदलून कधीकधी खरेच का भागते? एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजरमध्ये कंपोझिटर असतो: सावल्या, पारदर्शकता वगैरे. ही कामे ग्राफिक्स ड्रायव्हरवर जातात आणि जुन्या चिपच्या ड्रायव्हरमधला दोष तिथे उघडा पडतो. कंपोझिटर नसलेला हलका डेस्कटॉप टाकला की त्या दोषाला हातच लागत नाही. पण त्यासाठी घर बदलायची गरज नव्हती. 'विंडो मॅनेजर ट्वीक्स'मध्ये जाऊन कंपोझिटिंगची खूण काढली तरी चालले असते. माझ्या मते जुन्या यंत्रावर ती पहिल्याच दिवशी काढावी.

आणि सिग्नल ११ कधी सर्व्हरला, कधी ब्राउझरला, कधी कंपायलरला (कोडपासून प्रोग्राम बनवणाऱ्याला), असा कोणालाही येत असेल तर डेस्कटॉप आणि सर्व्हर दोघांनाही सोडून द्या. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावा. बहुधा रॅमची एखादी पट्टी गेलेली असते.