भांडं लहान ठेवलं की कासव लहानच राहतं?

काचेचा वाडगा, चार गारगोट्या, प्लॅस्टिकचं झाड आणि नाण्यापेक्षा जरा मोठं हिरवं पिल्लू. विकणारा हमखास सांगतो, "भांडं लहान ठेवा, कासव लहानच राहील." हे साफ खोटं आहे.

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हे कासव, रेड इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. मादी २५ ते ३० सेंटीमीटर वाढते, म्हणजे जवळपास जेवणाच्या ताटाएवढी. नीट सांभाळली तर तीसेक वर्षंही जगते. वाडग्यात वाढ खुंटली, तर ते कासव आजारी आहे असं समजा. नुसत्या सुक्या कोळंबीवर ठेवलं की आहार अपुरा पडतो. अतिनील किरण नसले की ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि पाठ मऊ, वेडीवाकडी होते. "खिडकीत ऊन येतं की!" येतं, पण काच नेमके तेच किरण अडवते.

त्याला हवी मोठी टाकी, पोहता येईल इतकं खोल, गाळलेलं पाणी, अंग कोरडं करायला दगड आणि त्यावर ऊब देणारा व अतिनील किरण देणारा (यूव्हीबी) असे दोन दिवे. मोठेपणी पालाही भरपूर लागतो.

सांभाळणं जमेनासं झालं तरी तळ्यात सोडू नका. तिथल्या देशी कासवांच्या जागेवर आणि खाण्यावर ते हक्क सांगतं. आणि पाठीवर चांदण्या असलेलं देशी कासव कुणी देऊ केलं तर घेऊच नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.