लुआंटीतला जांभा: ओला चिरा घट्ट कसा करायचा

खानापूर-जांबोटीकडच्या चिरेखाणीतून निघालेला जांभा ताजा असतो तेव्हा मऊ असतो. तासून घ्यायचा तो तेव्हाच. वारा लागून ओल उडाली की त्यातली लोहाची ऑक्साइडे घट्ट धरतात आणि चिरा भिंतीला लायक होतो. हा गुण गेममध्ये उतरवता येतो, आणि तसा तो उतरवलाच पाहिजे. नुसता तांबडा रंग दिलेला ठोकळा म्हणजे जांभा नव्हे.

लुआंटी, म्हणजे 2024 पर्यंतचे माइनटेस्ट, हे ठोकळ्यांच्या जगाचे मुक्तस्रोत इंजिन. गाभा सी प्लस प्लसमध्ये आहे, पण मॉड, म्हणजे गेममध्ये भर घालणारे जोडकोड, लुआ भाषेत लिहितात, म्हणून इंजिन पुन्हा कंपाइल करावे लागत नाही. मॉडच्या फोल्डरचे नाव लहान रोमन अक्षरांत ठेवा. आत मॉड.कॉन्फ (मॉडची माहिती), इनिट.लुआ (कोड) आणि 16 × 16 पिक्सेलची पीएनजी चित्रे. ठोकळ्याच्या नावाआधी मॉडचे नाव आणि अपूर्णविराम (:) हवाच; हे राहिले की गेम सुरूच होत नाही.

ठोकळे तीन करा: खाणीतला जांभा, ओला चिरा, वाळलेला चिरा. खाणीतला फोडला की ओला चिरा हातात यावा. पहिल्या दोघांना 'क्रॅकी' (कुदळीने फोडायच्या ठोकळ्यांचा गट; आकडा लहान तितका ठोकळा कठीण) 3 द्या, वाळलेल्याला 2. 'माइनटेस्ट गेम' या लुआंटीवर चालणाऱ्या गेममधली लाकडी कुदळ 3 फोडते, 2 वर चालत नाही.

आता वाळण्याचा वेळ. एबीएम (ठराविक अंतराने ठोकळ्यांवर चालणारा कोड) वापरून दर 10 सेकंदांनी 50 पैकी एक अशी शक्यता दिली, तर सरासरी 500 सेकंद लागतात. पण एक चिरा लगेच वाळतो, शेजारचा अर्धा तास ओलाच, आणि इंजिनला आसपासचा भाग सारखा चाळावा लागतो. नोड टायमर, म्हणजे त्या एका ठोकळ्याचे घड्याळ, बरा: ठोकळा ठेवताच चालणाऱ्या 'ऑन कन्स्ट्रक्ट' फंक्शनमध्ये 600 सेकंद लावा, वेळ संपली की ठोकळा बदला. टायमर नकाशासोबत जतन होतो. खेळाडू लांब जाऊन परतला तरी मधला वेळ धरला जातो.

घोटाळा होतो तो वर्ल्डएडिटने (एका आज्ञेत मोठा भाग ठोकळ्यांनी भरणारा मॉड) एकदम तट उभारताना. बेळगावच्या किल्ल्यासारखी लांब भिंत हाताने कोण रचणार? पण त्या वाटेने ठेवलेल्या ठोकळ्यांसाठी 'ऑन कन्स्ट्रक्ट' चालत नाही. टायमर लागत नाही, तट कायमचा ओला राहतो. त्यासाठी ओल्या चिऱ्यावर एलबीएम (नकाशाचा भाग लोड होताना ठोकळ्यांवर चालणारा कोड) लावा, दर लोडला चालणारा. मात्र टायमर आधीच चालू आहे का ते त्यात तपासा. नाहीतर भाग लोड होईल तेव्हा 600 ची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.