प्रीतिसंगमाआधीचे पाणी : नगरपालिकेच्या सांडपाणी केंद्रामागचा इतिहास

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, यालाच प्रीतिसंगम म्हणतात, आणि एकत्र पूर्वेकडे वळून सांगलीच्या दिशेने जातात. नदीकाठच्या कोणत्याही गावाचे सांडपाणी खालच्या गावाच्या जॅकवेलपाशी, म्हणजे नदीतून पिण्याचे पाणी उचलणाऱ्या विहिरीपाशी, पोहोचते, ही गोष्ट अशा ठिकाणी फार लवकर लक्षात येते. तरीही नगरपालिकांनी मैलापाणी शुद्ध करूनच नदीत सोडावे, ही अपेक्षा आपल्याकडे तुलनेने अलीकडची आहे.

वाहती नदी थोडी घाण स्वतःच पचवते, कारण पाण्यातले जिवाणू सेंद्रिय द्रव्य खातात आणि त्यासाठी विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण वाढली की हा प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि पाण्याला दुर्गंधी सुटते. प्रक्रिया केंद्र नदीचे हेच काम तिच्याबाहेर, टाकीत उरकून घेते. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा खेळवली आणि तळाशी बसलेला गाळ फेकून न देता पुढच्या पाण्यासाठी पुन्हा वापरला. त्यामुळे ज्या शुद्धीकरणाला पूर्वी काही आठवडे लागत होते, ते काही तासांत होऊ लागले. १९१४ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि या पद्धतीचे ज्ञान त्यांच्यासोबत भारतात पोहोचले.

आजही अशा केंद्रातला कर्मचारी हवा खेळणाऱ्या टाकीतले तपकिरी पाणी लिटरभराच्या मापपात्रात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवतो. गाळ नीट खाली बसला आणि वर नितळ पाणी राहिले, तर टाकीतले जिवाणू ठीक आहेत; गाळ तरंगत राहिला, तर तो नितळ पाण्याबरोबर नदीत जाण्याचा धोका असतो. इतकी साधी ही चाचणी, पण नदीचे बरेच काही तिच्यावर अवलंबून असते.

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ मध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या १९७४ च्या कायद्याआधीच केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. मात्र लहान नगरपालिकांकडे भुयारी गटार, पंपघर आणि वीजबिल यांसाठी पैसा नव्हता. १९९५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत कृष्णाकाठची कराड आणि सांगली ही शहरे घेतली गेली, तेव्हा नदीला मिळणारे नाले अडवून ते पाणी प्रक्रिया केंद्राकडे वळवणे या कामाला केंद्र सरकारच्या निधीचा आधार मिळाला. माझ्या मते यातला 'अडवणे' हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण नाला केंद्राला वळसा घालून नदीत उतरत असेल, तर आतली यंत्रे कितीही चांगली असली तरी नदीला त्यांचा उपयोग नाही.

मानकांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. ब्रिटिश राजआयोगाने १९१२ मध्ये शुद्ध केलेल्या पाण्याची बीओडी, म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूचे माप, लिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत असावी असे सुचवले. पण त्यात नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल असे गृहीत धरले होते. आपल्याकडे पुढे सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅम ठरली. इंग्लंडमधील बारमाही वाहणाऱ्या नद्यांवर बेतलेला आठपट पाण्याचा हिशेब दख्खनच्या उन्हाळ्यात जुळत नाही. त्यातही कोयनेच्या पाण्याचा मोठा वाटा वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीपलीकडे, वाशिष्ठीच्या खोऱ्यात जातो. म्हणून एप्रिल-मेमध्ये नदीचे पात्र आक्रसते, तेव्हा केंद्रातून बाहेर पडणारे पाणी किती स्वच्छ आहे, याला पावसाळ्यापेक्षा कितीतरी अधिक वजन येते. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये बीओडीची मर्यादा १० मिलिग्रॅमवर आणण्याचा आदेश दिला. ती गाठायची, तर बऱ्याच जुन्या केंद्रांना गाळणीचा आणखी एक टप्पा जोडावा लागतो, आणि त्याच्या विजेचा खर्च दर महिन्याला नगरपालिकेच्या तिजोरीतूनच भागवावा लागतो.