डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशनची मेंबरशिप कोणाला मिळते, कागद कुठले लागतात

अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत आता आई किंवा बाबा मूळचे तिकडचेच असतात, आणि अशा घरातल्या मुलीला डीएआरमध्ये म्हणजे डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशनमध्ये जाता येऊ शकतं हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

संस्था 1890 साली वॉशिंग्टनला सुरू झाली, मेंबर फक्त बायका. वय 18 पूर्ण हवं आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी झटलेल्या एखाद्या माणसाची आपण थेट रक्ताची वंशज आहोत हे सिद्ध करता यायला हवं. वंश आईकडून असो की वडिलांकडून, चालतो. लग्नाने जुळलेलं नातं धरत नाहीत, म्हणजे सुनेला मेंबर होता येत नाही पण तिच्या मुलीला वडिलांच्या बाजूने नक्की होता येतं. दत्तक असाल तर जन्मदात्या आईवडिलांची लाइन लागते. वर्ण, धर्म आता बघत नाहीत. पूर्वी मात्र तसं नव्हतं, 1939 मध्ये मारियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला यांनी आपला हॉल नाकारला आणि तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्टनी त्यावरून संस्थाच सोडली, हा इतिहास माहीत करून मगच जावं असं मला मनापासून वाटतं.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. "आमच्यात कोणी सैनिक नव्हता" म्हणून लोक तिथेच थांबतात. अहो, सैनिकच हवा असं नाही! 19 एप्रिल 1775 ते 26 नोव्हेंबर 1783 या काळात कोणी सैन्याला धान्य किंवा गुरं पुरवली, निष्ठेची शपथ घेतली, गावच्या कमिटीत काम केलं, तरी ते धरलं जातं, आणि अशी मदत करणारी बाई असली तरी चालते. अमेरिकेच्या बाजूने फ्रान्स, स्पेनकडून लढलेलेही त्यात येतात.

सुरुवात त्यांच्या वेबसाइटवरच्या फुकट सर्चने करा, पूर्वजाचं नाव आधीच नोंदलेलं आहे का ते तिथे कळतं. मग जवळच्या चॅप्टरला म्हणजे स्थानिक शाखेला कळवा, तिथल्या रजिस्ट्रार बाई अर्ज भरायला मदत करतात. अर्जात स्वतःपासून त्या पूर्वजापर्यंत प्रत्येक पिढीचं जन्म, लग्न, मृत्यू आणि हा याचाच मुलगा, ही यांचीच मुलगी याचा पुरावा जोडायचा असतो. ज्यांनी जात पडताळणीसाठी पणजोबांचा शाळेचा दाखला शोधलाय त्यांना हे काम नवीन वाटणार नाही.

स्वतःचा, आईवडिलांचा आणि आजीआजोबांचा जन्मदाखला आईवडिलांची नावं असलेला पूर्ण हवा, छोटा दाखला चालत नाही. लग्नाचे दाखले आठवणीने काढा कारण आडनाव बदललं की साखळी तिथेच तुटते. त्यामागच्या पिढ्यांना मृत्युपत्र, जमिनीची खरेदीखतं, चर्चची नोंद, जनगणना असं काहीही लागू शकतं. जनगणनेत घरातल्या सगळ्यांची नावं 1850 पासून आहेत, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं, म्हणून खरी अडचण तिथेच येते. अशा वेळी सैनिकांच्या विधवांच्या पेन्शनच्या फायली बघाच, लग्नाचा पुरावा म्हणून त्या बायकांनी घरच्या बायबलची पानं फाडून पाठवलेली त्यात सापडतात, त्यावर मुलांचे जन्म हाताने लिहिलेले असतात. घरचं बायबल जोडत असाल तर छपाईचं साल असलेलं पहिलं पानही हवं, नोंदी त्या काळातल्याच आहेत का हे त्यावरून बघतात. नेटवर कोणीतरी बनवलेला फॅमिली ट्री पुरावा म्हणून चालत नाही.

त्याच पूर्वजावर आधी कोणी मेंबर झालं असेल तर तिच्या अर्जाची कॉपी पैसे भरून मिळते, मग तुमची लाइन तिच्या लाइनला जिथे मिळते तिथपर्यंतचंच काम उरतं, मात्र फार जुने अर्ज आजच्या नियमात बसत नाहीत तेव्हा नवे पुरावे मागतात.

चॅप्टरच्या दोन मेंबर शिफारस करतात, अर्ज वॉशिंग्टनला जातो, तिथे वंशावळतज्ज्ञ एकेक कागद तपासतात आणि कमी असेल ते मागवतात. फी राष्ट्रीय, राज्य आणि चॅप्टर अशी वेगवेगळी असते, चॅप्टरला विचारूनच भरा. मेंबर झाल्यावर जुन्या वास्तू आणि कागद जपणं, शाळांना मदत, माजी सैनिकांसाठी काम आणि नागरिकत्वाच्या शपथविधीला नव्या नागरिकांचं स्वागत अशी कामं असतात, त्यातलं झेपेल ते घ्या.